कुशाबाईचा टीव्ही

आयुष्यात काय चुकलं, असं कुशाबाईला कोणी विचारलं तर ती क्षणाचाही विचार करत नाही. "मास्तरला कोंबडी घातली," म्हणते, आणि हापशाचा दांडा असा काही हाणते, की मागे रांगेत उभ्या असलेल्या बाया दोन पावलं सरकतात.

गावाचं नाव सांगत नाही. इनामगावहून सायकलवर जाता येईल इतकं जवळ, घोड नदीच्या काठाला, एवढं पुरे. या गोष्टीतली माणसं अजून त्याच एका हापशावर पाणी भरतात, त्यात मी कशाला तेल ओतू?

कुशाबाई म्हणजे हरिबाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा घर असं नव्हतंच, घोडं होतं. घोड्यावर संसार, पुढे मेंढरं, मागे कुशाबाई. दिवाळी झाली की कोकणाकडे निघायचं, पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची. खत त्याला, धान्य आपल्याला. कोणी कोणाच्या उपकारात नाही. नव्वद-एक्याण्णवला मेंढरांत रोग शिरला, निम्मी गेली, उरलेली हरिबाने विकली आणि भावकीतल्या वाटणीच्या दीड एकर जिरायतीत पत्र्याची खोली उभी केली. मुलगा पप्पू हंगामात पाटसच्या कारखान्यावर जाई, इतर वेळी मिळेल ते करी. सून सुषमा खुरपायला जाई. नात प्रगती शाळा संपवून घरी बसली होती.

खोलीच्या पत्र्यावर वीस-पंचवीस दगड. का, तर पत्रा उडू नये म्हणून. तरी दर वैशाखात वावटळ आली की एखादं पान उडायचंच, आणि पप्पू ते नांगरटीतून शोधून आणायचा. एका वर्षी पत्रा थोडा उचलला आणि त्याच्यावरचा दगड आत पडला, हरिबाच्या उशीपासून वीतभर अंतरावर. तेव्हापासून वैशाख लागला की हरिबा बाहेर लिंबाखाली झोपतो. घराला भिऊन घराबाहेर झोपणारा नवरा बघितला की कुशाबाईचं डोकं फिरायचं. तिला विटांचं घर पाहिजे होतं. डोंगर-दरीत तीस वर्षं काढली, आता मरायला तरी घट्ट छप्पर असावं, एवढंच तिचं म्हणणं. आणि ते घर तिच्या हातून कसं गेलं, तीच ही गोष्ट.

दोन हजार तीन सालचा जानेवारी. पाटसकडच्या चांगदेवमामांचा निरोप आला होता: प्रगतीसाठी एक स्थळ आहे, घर चांगलं आहे, पण ती माणसं सरळ येत नाहीत, आधी एखादा तिऱ्हाईत माणूस पाठवून सगळी चौकशी करतात. तो कोण ते सांगणार नाही. नीट बोला.

आठ दिवसांनी एक पांढरपेशा माणूस खांद्याला पिशवी लावून वस्तीच्या टोकाला दिसला. हातात कागद. पहिल्या घरी थांबला, काहीतरी विचारलं, लिहून घेतलं, पुढे निघाला. कुशाबाईने चुलीपुढूनच ओळखलं. हाच तो.

ती तशीच उठली आणि शेजारी झुंबरबाईकडे पळाली. झुंबरबाई म्हणजे हौसरावांच्या घरची. बागायत, दोन म्हशी, पक्कं घर, हौसराव सोसायटीवर. 

"वैनी, पोरीची चौकशी करायला मानूस आलाय. घटकाभर दोन खुर्च्या द्या. आन् ती खाट."

कुशाबाईला वाटलं होतं, तोंड वाकडं होईल. पण झुंबरबाई त्या दिवशी नुसती गूळ झाली होती. "दोनच कशाला? चारी न्या. पप्पू, ये रं, ह्यो टीव्ही उचल. कुकर न्या कुशाबाई, फळीवर ठेवा, दिसतो चांगला. आन् ह्यो पंखा."

"पंखा कशाला वैनी? थंडी हाय."

"असूं द्या. दिसायला बरा."

पोरीच्या जातीसाठी शेजारणीचा जीव किती तुटतो, या विचाराने कुशाबाईचे डोळे भरून आले. दहा मिनिटांत हौसरावांचं निम्मं घर तिच्या पत्र्याखाली आलं. टीव्हीची पिन लावायला जागा नव्हती, वायर नुसतीच मागे सोडली. प्रगतीला नवी साडी नेसवून आत उभं केलं. आणि दारातली एकुलती एक कोंबडी, जी रोज अंडं देत होती, ती सुषमाने कापली.

माणूस आला. हा शेजारच्या गावच्या शाळेचा मास्तर होता, सरकारी सर्व्हेच्या कामाला जुंपलेला. कोण गरीब आणि कोण नाही, हे ठरवायला तेरा प्रश्न दिलेले. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. ही परीक्षा उलटी: जेवढे गुण कमी तेवढा माणूस गरीब, आणि गरीब ठरला तर यादीत नाव, यादीत नाव तर घरकुल. मास्तरने दारातच "सर्व्हेला आलोय" असं सांगितलंही. पण तिऱ्हाईत माणूस मी स्थळाकडून आलो असं थोडाच सांगतो? कुशाबाई त्याच्याकडे बघून मनातल्या मनात हसली, एवढंच.

"जमीन किती?"

बघा, पहिलाच प्रश्न जमिनीचा! "दीड एकर," हरिबा कोपऱ्यातून म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही, हे त्याचं जन्माचं दुखणं. कुशाबाईने असं बघितलं की तो विडी घेऊन लिंबाखाली गेला तो परत आलाच नाही.

"घरात वस्तू काय काय? टीव्ही आहे... पंखा, कुकर." मास्तरने मान फिरवत लिहून घेतलं.

"संडास आहे का?"

हल्लीच्या मुलांना हेही लागतं म्हणे. "बांदायचाय," ती म्हणाली.

"कामाला बाहेर जाता का कुठे? वर्षातले काही महिने?"

हा टोमणा तिला बरोबर कळला. मेंढरांमागे हिंडणारी माणसं, हेच ना? "आता कुठं जात न्हाई. घरात बसून खातो," ती ताठ बसून म्हणाली.

तेवढ्यात ताट आलं. कोंबडीचा रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. मास्तर सकाळपासून उपाशी होता. तो पहिला घास तोंडात घालून विचारतो, "आजी, दिवसातून किती वेळा पोटभर जेवण होतं?"

ताटावर बसलेल्या पाहुण्याला कोणती बाई सांगेल, की आज तुमच्या पुढ्यात वाढलंय ते आमच्याकडे दिवाळीनंतर पहिल्यांदाच शिजलंय, आणि आषाढात तर संध्याकाळी नुसता चहा असतो? "तीन येळा," कुशाबाई म्हणाली. "बाराही म्हयने. तुमी खावा पोटभर."

मास्तरने डाव्या हाताने लिहिलं. हात धुतल्यावर शेवटचा प्रश्न राहिला होता. "तुम्हाला काय मदत पाहिजे?"

ही तर देण्याघेण्याची बोलणी! आणि ती पण कशी, किती नम्रपणे. कुशाबाई हरखून गेली. तिने दोन्ही हात जोडले. "कायबी नको पाव्हणं. देवानं दिलंय समदं. पोरगी तेवढी नारळावर न्या."

"नारळ?" मास्तर गोंधळला. पण पोट भरलं होतं, अजून अकरा घरं राहिली होती. 'मदत नको' असं लिहून त्याने पिशवी उचलली आणि हौसरावांच्या वाटेला लागला.

चांगदेवमामांचा माणूस त्या वर्षी आलाच नाही. प्रगतीचं लग्न पुढच्या साली दौंडकडच्या एका मुलाशी झालं, ज्याच्या घरच्यांनी कसली चौकशी केली नाही. ते स्थळ चांगलं निघालं. सर्व्हे सर्व्हे म्हणतात तो तोच होता, हे कुशाबाईला हळूहळू कुठूनतरी कळलं. पण तिने मनाला लावून घेतलं नाही. सरकारला दिसत नाही का, पत्र्यावर दगड आहेत ते? आणि झुंबरबाईचे उपकार मात्र ती विसरली नाही. शेवटच्या मेंढरांची लोकर हरिबाने जपून ठेवली होती, तिचं विणून आणलेलं काळंभोर घोंगडं तिने दिवाळीला झुंबरबाईला नेऊन दिलं. झुंबरबाईने घेतलं. "कशाला हो एवढं," म्हणाली, आणि घेतलं.

यादी आली तीन वर्षांनी. मधे कोर्टात काय काय झालं म्हणे. दोन हजार सहाच्या एक मेला शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली आणि ग्रामसेवक दारिद्र्यरेषेखालची नावं वाचू लागला. कुशाबाई पुढच्या सतरंजीवर जाऊन बसली होती. आदल्याच आठवड्यात पत्र्याचं एक पान उडून पार नदीच्या उतरणीला गेलं होतं.

नवव्या नंबरला हौसरावांचं नाव आलं.

कुशाबाईला वाटलं, दुसरा कोणी हौसराव असेल. दुसरा नव्हता. नावं चौऱ्याहत्तर झाली आणि ग्रामसेवकाने कागद घडी केले. हरिबाचं नाव नाही.

"मला ऱ्हायलं की हो," ती उभी राहून म्हणाली.

ग्रामसेवक मुलगा भला होता. त्याने दुसरा गठ्ठा काढला, शोधलं. "आजी, तुमचे गुण एकतीस. आपल्या गावाला रेघ विसावर आहे."

"एकतीस म्हंजी चांगलं का वाईट?"

"म्हणजे तुम्ही बऱ्यापैकी श्रीमंत." लोक हसले. त्याने वाचलं, "टीव्ही, खाट, चार खुर्च्या, कुकर, पंखा. जेवण तीन वेळा, बाराही महिने. मदत नको."

तेव्हा कुठे कुशाबाईच्या डोक्यात उजेड पडला, आणि तीही हसली. भोळी बाई. "अगं बया, त्या वस्तू तर वैनींच्या! घटकाभर आनल्या व्हत्या. सांगा की वो वैनी."

झुंबरबाई बायकांत मागे बसली होती. ती पदराचा काठ बघत राहिली.

"तसं त्यांनी लिहून दिलं, तर आक्षेप घेता येईल," ग्रामसेवक म्हणाला. सगळ्या माना हौसरावांकडे वळल्या.

हौसराव उठले. घसा साफ केला. "आमच्या घरी टीव्ही न्हाई. खाट न्हाई. सर्व्हेत लिव्हलेलं हाय. सरकारी कागद खोटा म्हनायचा का?"

एवढ्या उन्हात कुशाबाईला थंडी वाजल्यासारखं झालं. पंखा. जानेवारीत पंखा. तो तिने मागितलाच नव्हता. मास्तर आदल्या दिवशी संध्याकाळी सोसायटीत चहा पिऊन गेला होता, असं मागे कोणीतरी म्हणालं होतं, तेही तिला आता आठवलं. ह्यांना माहीत होतं. तिचं घर भरत होतं तेव्हा ह्यांचं रिकामं होत होतं; मास्तर इथून उठून तिथे गेला, त्याला चार भिंती आणि एक रडकं तोंड दिसलं. आणि मी हिला घोंगडं दिलं! घोंगड्याचा विचार आला तेव्हा मात्र तिचा संताप पायापासून वर चढला. फसवलं त्याचं एवढं नाही, पण तीन वर्षं माझ्याकडून आभार मानून घेतले?

"म्हंजी," ती सावकाश म्हणाली, "कागदावर त्यो टीव्ही माझा हाय?"

"कागदावर, हो," ग्रामसेवक म्हणाला.

"खाट बी?"

"हो आजी."

"पप्पू, भावकीची गाडी जुंप."

पप्पू चाचरला. "आई, पोलिसात जातील ती."

"जाऊं दे. पोलीस इचारतील, टीव्ही कुनाचा? मंग सांगंल की त्यो."

ग्रामसभा तिथेच मोडली आणि सगळी गाडीच्या मागे निघाली. असा तमाशा गावाने पुन्हा पाहिला नाही. कुशाबाई हौसरावांच्या ओसरीवरून सरळ आत गेली आणि यादीच्या क्रमानेच वस्तू काढायला लागली. टीव्ही पप्पूने उचलला. खाट सुषमाने आणि तिने धरली. खुर्च्या तीनच सापडल्या. एक तीन वर्षांत मोडली होती, त्याबद्दल तिने झुंबरबाईला चार शब्द सुनावले, की दुसऱ्याची वस्तू जरा जपून वापरावी. कुकरमध्ये डाळ होती. ती तिने पातेल्यात ओतून ठेवली. चोर नव्हे ती. शेवटी पंखा. हौसराव अंगणात उभे, तोंड उघडायचे आणि मिटायचे. माझा आहे म्हणावं तर नववा नंबर जातो, तुझा आहे म्हणावं तर टीव्ही जातो. जाता जाता कुशाबाईने वळणीवरचं घोंगडं ओढून घेतलं.

टीव्ही पुन्हा पत्र्याखाली आला. तो लावला नाही. त्याच्यावर घोंगडं टाकून कुशाबाई त्याच्याकडे पाठ करून भाकरी थापायची. हरिबा खाटेवर बसायला तयार नव्हता, खालीच बसायचा. "न्हेऊन दे," म्हणायचा. "आपल्याला शोभत न्हाई." ती म्हणायची, "घर घेऊन दे मंग. तुझ्या डोस्क्यात धोंडा पडल्यावर शोभंल का?"

हौसरावांना नवा टीव्ही घेता आला असता. पण गावादेखत तो दारात उतरवायचा कसा? महिना गेला, दीड महिना गेला. आणि जुलैत अनुपमाला, त्यांच्या मुलीला, शिरूरचे पाहुणे बघायला येणार असं ठरलं. पाहुण्यांना बसवायला खुर्ची नाही.

झुंबरबाई एकदा येऊन दारात रडून गेली. "पोरीसाठी, कुशाबाई. चारच तास." 

या चार तासांवर कुशाबाई काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. शेवटचं तेवढं सांगतो. "पोरीच्या नावावर येकदा झालं, वैनी. आता कागद आना."

शनिवारी संध्याकाळी हौसराव स्वतः आले. हातात लिहिलेला कागद: वरील वस्तू माझ्या मालकीच्या असून त्या दिवशी शेजारी दिल्या होत्या. सही केलेली. कुशाबाईला वाचता येत नव्हतं, तिने सुषमाकडून दोनदा वाचून घेतलं. मग वस्तू पुसून दिल्या. घोंगडं दिलं नाही. ते कुठल्याच यादीत नव्हतं.

पंधरा ऑगस्टच्या सभेत तो कागद ग्रामसेवकाने वाचला आणि वस्तूंचे चार गुण कमी केले. एकतीसचे सत्तावीस झाले.

"म्हंजी अजून श्रीमंतच?" कुशाबाईने कपाळावर हात मारला.

"दोन उत्तरं राहिलीत आजी. ती तुमची तुम्हीच दिलेली. ती तुम्हालाच सगळ्यांपुढं बदलावी लागतील." त्याने आवाज जरा खाली आणला. "जेवणाचं काय लिहू?"

सगळं गाव बसलं होतं. झुंबरबाई पण. कुशाबाईला टीव्ही उचलून आणताना लाज वाटली नव्हती, ती आता वाटली. "आखाडात संध्याकाळची चूल पेटत न्हाई," ती म्हणाली. सुषमाने मान खाली घातली. तीन गुण गेले. चोवीस.

"आणि मदत? तेव्हा नको म्हणाला होतात."

तिने रानोमाळ पाणी मागितलं होतं, मेंढरांसाठी. मेंढरं बसवायला रान मागितलं होतं, आणि बदल्यात खत देऊन आली होती. नुसतं द्या असं ती जन्मात कोणाला म्हणाली नव्हती. तिने हरिबाकडे बघितलं. तो खाली बघत होता.

"घर पायजे," ती म्हणाली. मग रागाने, जणू कोणी नाही म्हटल्यासारखं, मोठ्याने, "मला घर पायजे!"

चार गुण. चोवीसचे वीस.

नाव यादीत चढलं. हौसरावांचा नववा नंबर कापला गेला. कुशाबाईला वाटलं, तो आपल्याला मिळेल. पण तसं नसतं, मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात आणि नवा माणूस शेवटी बसतो. तिचा नंबर आला चौऱ्याहत्तर. आणि गावाला वर्षाला घरकुलं येतात तीन.

हा हिशोब ग्रामसेवकाने पुढच्या वैशाखात दारात येऊन बोटांवर करून सांगितला तेव्हा हरिबा हसला, फार दिवसांनी. "चोवीस-पंचवीस वर्सं. तवा आपून कुठं असणार, कुशे?"

कुशाबाईने घोंगडं झटकून लिंबाखाली अंथरलं, त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि ग्रामसेवकाकडे वळली.

"थांबते म्हनावं," ती म्हणाली. "लिवून घ्या तसं. म्हातारी थांबते म्हनावं."